नितीनच्या नोकरीबद्दल

भोसरी, पुणे

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. नितीनला एनडीटीच्या (वेल्डिंगचे जोड न तोडता तपासायच्या) लायनीत घालावं का, आणि ‘दिवसभर काळ्या फिल्म बघायच्या, यात काम ते काय?’ असं विचारलंयस. वहिनींना रेडिएशनची धास्ती आहे, तर आधी त्याचंच सांगतो. फिल्म वाचणारा वेगळा, शॉट मारणारा, म्हणजे जोडातून गॅमा किरण सोडून ती फिल्म काढणारा, वेगळा. पण सुरुवात बहुतेकांची शॉट मारण्यापासूनच होते. रात्री शॉप रिकामं झालं की कुणी जवळ येऊ नये म्हणून दोर बांधायचा, छातीला अंगावरचं रेडिएशन नोंदवणारा टीएलडी बॅज, हातात आजूबाजूचं रेडिएशन दाखवणारा सर्व्हे मीटर. गॅमा किरण देणाऱ्या इरिडियम-१९२ची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, तसा एक्स्पोजरचा वेळ वाढवत न्यावा लागतो. नियम पाळणाऱ्या मालकाकडे भिण्यासारखं काही नाही. मीटर कपाटात ठेवून काम करणारेही आहेत, त्यांच्या दारात पोराला उभं करू नकोस.

आता फिल्म. जिथे धातू कमी, तिथून गॅमा जास्त पार होतो, म्हणून पोकळी काळी दिसते. पोरोसिटीचे (अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांचे) गोल ठिपके, स्लॅग (जोडात अडकलेली मळी) वेडावाकडा. टंगस्टनचा कण मात्र पांढरा, कारण तो स्टीलपेक्षा कितीतरी जड. टिग वेल्डिंग करताना टंगस्टनचा इलेक्ट्रोड वितळलेल्या धातूला टेकला की तो हमखास सापडतो. लॅक ऑफ फ्युजन (धातू नीट एकजीव न होणं) सरळ रेघेत येतं, क्रॅक नागमोडी आणि टोकाला विरत गेलेली. एवढं तर नितीन आठवड्यात शिकेल.

खरी मेहनत त्याच्या आधीची. डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) २ ते ४ मध्ये आहे का, पेनीची (फिल्मची स्पष्टता तपासायला ठेवलेल्या तारांच्या पट्टीची) हवी ती बारीक तार दिसते का, हे आधी बघायचं. फिल्म ठेवायच्या कॅसेटच्या मागे शिशाचं ‘बी’ अक्षर चिकटवलेलं असतं. ते फिल्मवर फिकट उमटलं तर मागून स्कॅटर (विखुरलेले किरण) आलाय, फिल्म बाद. आणि मग प्रश्न, दिसतंय ते धातूत आहे की फिल्मवर?

परवा एका प्रेशर व्हेसलच्या (दाबाच्या टाकीच्या) लाँग सीमवर, म्हणजे लांबीतल्या जोडावर, रूटच्या (जोडाच्या तळाच्या) अगदी शेजारी, बारीक काळी रेघ दिसली. प्रॉडक्शनवाले म्हणाले, ‘साहेब, रिपेअर मार्क करा आणि मोकळे व्हा.’ वेल्डर बिचारा दाराशी उभा. फिल्म व्ह्यूअरवरून काढून उजेडात तिरपी धरली, तर इमल्शनवरचा (फिल्मच्या लेपावरचा) ओरखडा चमकला. त्याच कॅसेटमधल्या दुसऱ्या फिल्मवर रेघच नव्हती. रिपेअर मार्क केलं असतं तर धडधाकट जोड गाऊज करून (खोदून), घासून पुन्हा भरला असता, प्लेटला नाहक उष्णता बसली असती. ‘शंका आली की कापा’ म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही.

उलटंही होतं बरं का. किरण क्रॅकच्या सरळ रेषेत गेले तरच ती नीट उमटते. आडवी असेल तर फिल्म लख्ख. म्हणून जाड प्लेटला मी अल्ट्रासॉनिकचाही (ध्वनिलहरींनी तपासणीचाही) आग्रह धरतो. असमे या अमेरिकन कोडच्या प्रेशर व्हेसलसाठीच्या सेक्शन आठप्रमाणे फुल रेडिओग्राफी (पूर्ण जोडाची फिल्म) असेल तर १९ मिमी जाडीपर्यंत ६ मिमी लांबीचा स्लॅग चालतो. क्रॅक मात्र कितीही छोटी असो, बाद.

पगार सुरुवातीला बेताचा, साइटवर पळापळ फार. डोळे दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. दिवाळीनंतर त्याला आठवडाभर माझ्याकडे पाठव. जुन्या फिल्मचा गठ्ठा आहे, रिपोर्ट झाकून त्याच्यापुढे ठेवतो. तीन-चार तास खुर्चीत टिकला, तर फिल्म वाचायची पात्रता देणाऱ्या लेव्हल-टूच्या कोर्सचे पैसे भर. मोबाइल काढून बसला, तर नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या