तालुक्याच्या शवागारातल्या वासाबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट साइज हे रोजचं काम. पण विहिरीत, उसात, रुळांवर कुणी सापडलं की ठाण्यातून फोन येतो आणि पंचनाम्याचे फोटो काढायला मी जातो. त्यामुळे ज्या वासाबद्दल लिहितोय, तो मला ऐकून माहीत नाही. ‘शवागार परिसरात दुर्गंधी, नागरिक त्रस्त’ एवढी बातमी अधूनमधून छापून येते, ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि विषय मिटतो. पावडरीनं काही होत नाही. आधीच्या वासात तिचा वास मिसळतो, इतकंच.

माणूस गेला तरी त्याच्या आतड्यातले जिवाणू जिवंत असतात. त्यांना अडवणारं शरीर थांबलेलं असतं, मग ते आतूनच खायला सुरुवात करतात. पहिली खूण पोटावर दिसते, बेंबीच्या खाली उजवीकडे, जिथं मोठं आतडं सुरू होतं तिथं. आधी हिरवट डाग, मग फुगणं. कुजताना सुटणारी कॅडाव्हरीन आणि प्युट्रेसीन ही रसायनं लुडविग ब्रीगर या जर्मन डॉक्टरनं १८८५ च्या सुमारास ओळखली. नाकाला झोंबतात ती मात्र बरीचशी गंधकाची संयुगं. त्यातलं डायमिथाइल ट्रायसल्फाइड सुरणाच्या फुलातही असतं. परसात सुरण फुलला की घरातली माणसं मेलेला उंदीर शोधत फिरतात, ते त्याच्यामुळेच. माश्याही फसतात.

साहेब, या सगळ्याचा वेग उष्णतेवर ठरतो. साधारण २१ ते ३८ अंशांत जिवाणूंचं काम जोरात चालतं. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो आणि रात्रीही पत्र्याखालची खोली धगधगत असते. चार अंशांवर ठेवलेला देह मात्र बराच काळ टिकतो. म्हणजे शीतपेटी चालू असेल तर एक गोष्ट घडते, बंद असेल तर दुसरी.

दुसरी गोष्ट कशी घडते ते सांगतो. अशाच एका मे महिन्यात शेतावर एकटे राहणारे एक आजोबा बांधावर सापडले. पंचनामा होईतो अंधार पडला. पोलिसांनी देह शवागारात आणला, तर शीतपेटीचा कॉम्प्रेसर बंद. कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना. ज्या सोलापुरी चादरीत गुंडाळून आणलं होतं, त्या चादरीसकट त्यांना ओट्यावर ठेवलं. रात्री पीएम, म्हणजे शवविच्छेदन, करायचा प्रश्नच नव्हता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १५ नोव्हेंबर २०२१ रोजी सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण तशी सोय असलेल्या रुग्णालयांनाच. आणि कुजलेले देह त्यातूनही वगळले आहेत. नियम समजण्यासारखा आहे. फक्त त्याचा अर्थ असा होतो की, ज्याला थांबणं सर्वांत कमी परवडतं, त्यानंच सकाळपर्यंत थांबायचं.

सकाळी त्यांची लेक हैदराबादहून आली. दारापर्यंत गेली आणि पदर तोंडाला लावून भिंत धरून उभी राहिली. चुलत्यांनी तिला आत जाऊ दिलं नाही. शेवटी हवालदार माझ्याकडं वळले, “दाखव रे तिला तुझ्यातला.” आदल्या संध्याकाळचा बांधावरचा फोटो होता, त्यात चेहरा नीट दिसत होता. वडिलांचं अंत्यदर्शन तिनं माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या एवढ्याशा काचेवर घेतलं. झूम करून मागितला, मी करून दिला.

ते घर लिंगायत. त्यांच्यात मृताला अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि तसंच समाधीत ठेवतात. फुगलेल्या देहाला मांडी घालता येत नाही. अंघोळ तर कुणी घालूच शकलं नाही. मुसलमान घरात गुसलचं, म्हणजे मृताला घालायच्या अंघोळीचं, तेच होतं, आमच्यात तोंडात पाणी घालण्याचं तेच. मातीला आलेली माणसं लांब उभी राहतात आणि नंतर गावात बोललं जातं, “फार वाईट वास येत होता म्हाताऱ्याला.” वास म्हाताऱ्याच्या नावावर लागतो, कॉम्प्रेसरच्या नाही.

भीतीचंही बोलतो. या वासानं रोगराई पसरते, असं लोक धरून चालतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपासारखी आपत्ती आली की हीच धास्ती पुन्हा वर येते. अशा आपत्तीतल्या मृतदेहांमुळं सहसा साथ येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. देह हाताळणाऱ्यानं हातमोजे, मास्क, साबण वापरायलाच हवा, पण वासानंच कुणी आजारी पडत नाही. आमच्या शवागारातला कर्मचारी मात्र चहाच्या टपरीवर अजून वेगळ्या बाकावर बसतो. त्याला हातमोजे मिळाले तर मिळाले. नाकाखाली बाम चोळून तो काम करतो. “पाच मिन्टं तरास हुतो, मग काय कळतच न्हाई,” म्हणाला. खरं आहे, नाक सरावतं. त्यामुळं आत असणारा तक्रार करत नाही, आणि बाहेर ज्याला वास सोसवत नाही तो दुःखात असतो, मातीच्या घाईत असतो. तोही तक्रार करत नाही. मग आपल्या टेबलावर येणार काय?

म्हणून हे पत्र. नवी इमारत मागत नाही. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक ठिकाणी जिथं पीएम होतं तिथं चालू स्थितीतली शीतपेटी, लोडशेडिंगला जनरेटर, त्याला डिझेल, पाण्याचा नळ, चालणारा एक्झॉस्ट पंखा आणि कर्मचाऱ्याला पुरेसे हातमोजे-मास्क द्या. शीतपेटीच्या दारावर तापमानाचा तक्ता लावा, तीन पाळ्यांत आकडा लिहून सही करायला लावा. दुरुस्तीचा करार कुणाशी आहे आणि फोन कुणाला करायचा, तेही तिथंच लिहा. नातेवाइकाला तो तक्ता वाचता आला पाहिजे.

तपासणीला माणूस पाठवलात तर मे महिन्यात, दुपारी, न कळवता पाठवा. कळवून आलात तर उदबत्ती लावलेली असेल.

आपला,
एक फोटोग्राफर
जि. सोलापूर