बाबांचा कोट आणि तुझे खांदे

चिऊ,

फोटो बघितले, तीनदा बघितले, आणि फोनवर बोलायला गेलं की तू "हो गं आई" करून विषय बदलतेस म्हणून हे टाइप करतेय, सावकाश वाच. बाबांचा तो करडा कोट नेलास तेव्हा मला वाटलेलं आठ दिवसांत खुर्चीच्या पाठीवर पडेल. पण तू तो खरंच घातलास, खाली ती सेकंडहँडमधली पॅन्ट, आणि वर विचारतेस मी कोणाचा तरी कोट पळवून आणल्यासारखी दिसतेय का. हो, दिसतेस. पण त्यात कोटाची काही चूक नाहीये.

वरही ढगळ, खालीही ढगळ, त्यात तू हरवलीस एवढंच झालंय. एक तर पॅन्ट सरळ, अंगालगतची घाल, नाहीतर तीच घालायची असेल तर शर्ट आत खोच आणि बेल्ट लाव, कंबर कुठेय ते तरी कळेल. बाह्या दोनदा वर दुमड. आत पट्ट्यापट्ट्यांचं अस्तर आहे ना, दुमडलं की तेच बाहेर दिसतं, काय सुंदर दिसतं ते, बाबांना इतक्या वर्षांत पत्ता नव्हता.

पण टेलरकडे खांदे आत घ्यायला देऊ नकोस, प्लीज. बाजूच्या शिवणी आत घेणं, उंची कमी करणं, पॅन्टची कंबर, ही सगळी सोपी कामं. कोटाच्या खांद्याला पॅड असतं, आतलं कडक कापड असतं, बाहीची गोलाई त्यात बसवलेली असते, ते सगळं उसवून पुन्हा लावायचं म्हणजे मोठं काम, आणि एवढं करून बाही नीट पडेलच असं नाही. म्हणून जुनं काही घेताना आधी खांदा बघ, तो बसला तर बाकीचं बघता येईल, आणि मोठं करून घ्यायचं असेल तर कपडा उलटा करून शिवणीत मार्जिन किती सोडलंय ते बघ, नसेल तर टेलर तरी कुठून आणणार.

लेबलवरच्या साइजवर अजिबात जाऊ नकोस, बायकांचे जुने कपडे तर त्याच नंबरच्या आजच्या कपड्यांपेक्षा बरेच लहान निघतात, उगाच ट्रायल रूममध्ये रडशील. तुझा सगळ्यात छान बसणारा शर्ट पलंगावर पसर, काखेपासून काखेपर्यंत टेपने मोज, खांदा मोज, आकडे फोनमध्ये ठेव.

मग कपडा उजेडासमोर धर. कोपर, काख, पॅन्ट असेल तर मांडीच्या आतली बाजू. विरलेलं असेल तर ठेवून दे परत, कितीही गोड असलं तरी. कॉलर झिजली असेल तर मात्र सोडू नकोस, चांगला टेलर कॉलर उसवून उलटी लावतो, झिजलेली बाजू खाली दुमडीत जाते, तुझ्या आजोबांचे शर्ट असेच दोन जन्म जगायचे. आणि स्ट्रेचवाली जीन्स ओढून सोडून बघ, कापड लाटालाटांचं राहिलं तर त्यातला ताणणारा धागा मेलाय, तो काही परत येत नाही. हा धागा १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत शोधला गेला, त्याच्या आधीच्या जीन्सना हे दुखणंच नव्हतं, अंगाला बसायला वेळ घ्यायच्या पण टिकायच्या.

लोकरीचं मी सांगायला नको खरं तर, कारण माझा पराक्रम तुला माहितीये. तो हिरवा स्वेटर, मऊ, एक गोळा नाही आलेला, मी आणला आणि त्याच दिवशी गरम पाण्यात घालून मशीनमध्ये फिरवला, की वास जाईल. वास गेला. स्वेटर बाहुलीच्या मापाचा झाला. लोकरीच्या केसांवर खवले असतात, गरम पाणी आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. तू गार पाणी, हाताने, पिळायचं नाही, टॉवेलवर आडवं वाळवायचं. बारीक भोकं दिसली तर कसर असेल, पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेव, आणि त्याआधी कपाटात ठेवू नकोस, नाहीतर माझ्या शालीसारखं होईल, ते नंतर सांगेन.

आणि हो, एका वेळी एकच जुना कपडा, बाकी रोजचं साधं. तू त्या फोटोत टोपीसकट चार जुन्या गोष्टी घातल्यास, नाटकातून आल्यासारखी वाटतेस, टोपी काढ.

कोटाच्या आतल्या खिशात एक सुटं बटण आहे, कागदात गुंडाळलेलं. फेकू नकोस, डाव्या बाहीचं तिसरं आहे, लावायचं राहून गेलंय.

आई

(बाबा विचारतायत कोट परत कधी. मी म्हटलं विसरा.)