टिपाडातलं पाणी

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलं पोरीला नेमकं काय झालतं, तेव्हा दवाखान्याच्या गडबडीत धड बोलता आलं नाही म्हणून आज लिहायलो. डेंग्यू होता. आता घरी आलीय, जेवायली, पण अंगात ताकद नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सुटलो म्हणून देवापुढं साखर ठेवली, अन् त्याच रात्री तिचं पोट दुखायलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार. डॉक्टर म्हणले खरा धोका ताप उतरतानाच असतो, रक्तातलं पाणी नसांबाहेर पाझरतं. आम्ही सारखं प्लेटलेट विचारायचो, ते मात्र बीपी अन् लघवी किती झाली ते बघायचे. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन नाही, ॲस्पिरिन तर अजिबात नाही, त्यानं रक्तस्राव वाढतो. हे ध्यानात ठेव बाबा.

घरी येऊन मोबाईलची बॅटरी लावून मागचं टिपाड बघितलं. अळ्याच अळ्या! उजेड पडला की वळवळत बुडाला जायच्या. आपण गटारीला नावं ठेवतो, पण हा पांढऱ्या पट्ट्याचा डास चांगल्या पाण्यात वाढतो, चावतो पण दिवसा. लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आपण दिसेल ते भांडं भरून ठेवतो, नळ येतो आठ-दहा दिवसाला, अन् अंड्याचा डास व्हायला पण तेवढेच दिवस लागतात, म्हणजे आपल्या नळाच्या पाळीवरच तो पोसला जायलाय.

नुसतं रिकामं करून भागत नाही. अंडी आतून काठाला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात अन् पाणी लागलं की फुटतात. म्हणून नळ यायच्या आदल्या दिवशी काथ्यानं घासायचं, उरलेलं पाणी फडक्यानं गाळून धुण्याभांड्याला घ्यायचं (पाणी फेक म्हणायची माझी जीभ वळत नाही), मग वरून कापड ताणून बांधायचं. कूलर, फ्रीजच्या मागचा ट्रे पण बघ.

2006 च्या चिकनगुनियात काकूंचे गुडघे कसे धरलते, आठवतंय ना, भिंतीला धरून उठायच्या. तो पण ह्याच डासानं. अन् डेंग्यूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्यांदा वेगळा झाला तर जास्त जड जाऊ शकतो, म्हणून पोरीला आता दुपारी झोपताना पण मच्छरदाणी लावायलो.

तुझा हौद काही उपसून होत नाही. रविवारी अळ्या खाणारे गप्पी मासे डब्यात घालून आणतो, हौदात सोडू, दोघं मिळून टिपाडं पण घासू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
लंगोटीयार