ग्राफिक्स कार्डाची पेटी आणि खान्देशचा उन्हाळा

संपादक महोदय,

लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याच्या छोट्या पेट्यांविषयी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. कोणत्या पेटीत किती लांबीचे कार्ड मावते याचे कोष्टक चांगले होते. मात्र अशा चाचण्या बहुधा २२ ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४० अंश ही नेहमीचीच गोष्ट. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओंची घाई नेमकी त्याच दिवसांत असते. आम्ही संगणक जुळणी-दुरुस्तीचे काम करणारे आहोत. इथल्या गिऱ्हाइकाने आधी लॅपटॉपचे पोर्ट, मग कार्डाचे वॅट आणि शेवटी पेटीची लांबी पाहावी, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

पोर्टाचा घोळ सर्वांत जास्त होतो. टाइप-सीचे भोक दिसले की कार्ड चालेल, असे नाही. त्या पोर्टातून पीसीआय एक्स्प्रेस (संगणक आणि कार्ड ज्या मार्गाने बोलतात तो) बाहेर येत असेल तरच कार्ड दिसते. थंडरबोल्ट ३ किंवा ४ (ही सोय असलेले, टाइप-सीच्याच आकाराचे वेगवान पोर्ट) असेल तर पोर्टाशेजारी विजेची खूण असते. यूएसबी ४ लिहिलेले असेल तर त्या मॉडेलच्या तपशिलात ही सोय आहे का, ते वाचून घ्यावे. स्वस्त लॅपटॉपवरचा १० गिगाबिटचा टाइप-सी या कामाचा नाही, कोणतेही कन्व्हर्टर लावले तरी नाही. अॅपलच्या एम १ आणि त्यानंतरच्या चिपच्या मॅकबुकवर मॅकओएसमध्ये बाहेरचे ग्राफिक्स कार्ड चालत नाही. तेवढ्या आशेने पेटी घेऊ नये.

थंडरबोल्ट नसेल तर दुसरी वाट ऑक्युलिंक या केबल-जोडणीची. लॅपटॉपच्या आतल्या एम.२ स्लॉटमध्ये, म्हणजे जिथे एसएसडी बसते तिथे, छोटी पट्टी बसवून केबल बाहेर काढतात. पीसीआयच्या चार लेन (माहितीच्या वाटा) थेट मिळतात आणि पीसीआय ४.० असेल तर सेकंदाला ६४ गिगाबिटपर्यंत वेग मिळतो. थंडरबोल्ट ४ मध्ये कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२ येतात. पण स्लॉट एकच असेल तर एसएसडी कुठे लावणार, हे आधी ठरवावे लागते. ऑक्युलिंकची केबल यंत्र चालू असताना लावायची किंवा काढायची नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करूनच हात लावायचा. केबल अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. लांब केबलवर सिग्नल मरतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदींची रांग लागते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सोय असेल तर स्लॉट पीसीआय ३.० वर उतरवावा, तक्रार बहुधा थांबते. थंडरबोल्टची केबलही अशीच पाहून घ्यावी लागते. थंडरबोल्ट ३ ची साधी केबल अर्ध्या मीटरपर्यंतच ४० गिगाबिट देते, थंडरबोल्ट ४ ची ०.८ मीटरपर्यंत. मोबाईलची चार्जिंग केबल दिसायला तशीच असते, म्हणून ती लावून कार्ड 'डेड' ठरवणारेही भेटतात.

आता माप. कोष्टकात फक्त लांबी असते. उंची मोजताना कार्डाच्या वरच्या कडेला असलेले ८ पिनचे पॉवर कनेक्टर आणि तिथून वळणारी वायर धरून मोजावे. साध्या कार्डाची उंची १११ मिलिमीटर, त्यावर वायरीच्या वळणाला ३० ते ४० मिलिमीटर. म्हणजे आत दीडशेची जागा हवी. एका स्लॉटचे अंतर २०.३२ मिलिमीटर, म्हणून 'दोन स्लॉट'चे कार्ड ४० मिलिमीटरमध्ये बसले पाहिजे. पण बाजारातली निम्मीशिम्मी कार्डे दोन स्लॉट सांगून ४५ ते ५० मिलिमीटर भरतात. नव्या १६ पिनच्या कनेक्टरची वायर टोकापासून ३५ मिलिमीटरच्या आत वाकवू नये. आतल्या पिना तिरक्या झाल्या की कनेक्टर वितळतो. छोट्या पेटीत हे कनेक्टर असलेले कार्ड घालूच नये, असे आमचे मत आहे.

वीज किती लागेल याचा हिशोब सोपा आहे, तरी चुकतो. पीसीआय स्लॉट स्वतः ७५ वॅट देतो, ६ पिन आणखी ७५ आणि ८ पिन १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, आरटीएक्स ४०६० ला ११५, आरएक्स ६६०० ला १३२. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॅटवर चालतो, त्याला वेगळी वायरच लागत नाही. हे कार्ड आमच्याकडच्या छोट्या पेटीसाठी सगळ्यांत सोयीचे, मेमरी कमी पडते हे मान्य करून. पेटी लॅपटॉपला चार्जही करणार असेल तर त्याचे १०० वॅटपर्यंत वेगळे धरावेत. ३०६० आणि चार्जिंग मिळून २७० वॅट होतात. कार्ड क्षणार्धात याहून बरेच जास्त खेचते, म्हणून ४०० ते ४५० वॅटच्या खाली जाऊ नये.

छोट्या पेटीत फ्लेक्स एटीएक्स मापाचा पॉवर सप्लाय बसतो. त्याचे माप ८१.५ × ४०.५ × १५० मिलिमीटर आणि पंखा ४० मिलिमीटरचा, जो भार आला की शिट्टीसारखा ओरडतो. जागा असेल तर एसएफएक्स, म्हणजे १२५ × ६३.५ × १०० मिलिमीटरचा सप्लाय घ्यावा. लेबलवरचे वॅट किती अंशांना मोजले आहेत तेही वाचावे. काही सप्लाय २५ अंशांवरचे आकडे छापतात. ४० अंशांत त्यावर तेवढा भार टाकता येत नाही. गेमिंग लॅपटॉपचा जुना अडॅप्टर वापरायचा मोह टाळावा. तो १९.५ किंवा २० व्होल्टचा असतो, कार्डाला १२ हवेत.

वायरी जोडताना तीन गोष्टी कार्ड जाळतात. एक, प्रोसेसरची ४+४ पिनची वायर कार्डाच्या ८ पिनमध्ये जोर लावून बसवणे. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना असतात, म्हणजे सरळ शॉर्ट. कार्डाची वायर ६+२ पिनची असते. दोन, एका कंपनीच्या मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) सप्लायची वायर दुसऱ्याला लावणे. कार्डाकडचे टोक सारखे दिसते, सप्लायकडच्या टोकाची जुळणी वेगळी असते. तीन, साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून ८ पिन काढणारे कन्व्हर्टर. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅटपुरता केलेला. त्यातून १५० ओढले की प्लास्टिकचा वास येतोच.

बसवताना मेन्सची पिन काढून ठेवावी, हात पेटीच्या धातूला लावून घ्यावा, कार्ड स्लॉटमध्ये खटका वाजेपर्यंत बसवावे, आधी ब्रॅकेटचा स्क्रू कसावा आणि मग पॉवरची वायर लावावी. क्रम उलटा केला तर वायर ढकलताना कार्ड स्लॉटमधून उचलले जाते आणि कार्ड दिसत नाही किंवा एकाच लेनवर चालते. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसच्या ओळीत चार लेन दिसतात का, ते पाहावे. काम नसताना तिथे १.१ (पीसीआयचा सर्वांत हळू वेग) दिसले तर घाबरू नये, वीज वाचवण्यासाठी कार्ड वेग उतरवते. भार टाकून पुन्हा पाहावे. मॉनिटर कार्डाच्याच पोर्टला लावावा. लॅपटॉपच्या पडद्यावर काम केले तर तयार चित्र त्याच केबलने परत यावे लागते आणि तिथेच वेग अडतो. सॉफ्टवेअरचे बाकी काही फार नाही: जुने ड्रायव्हर साफ करून नवे टाकावेत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ (कार्डाला पुरेशी जागा मिळाली नाही, ही चूक) आला तर बायोसमध्ये 'अबोव्ह ४जी डिकोडिंग' हा पर्याय आहे का ते शोधावे.

आता मूळ मुद्दा, उष्णता. पंखे त्याच वेगाने फिरत असतील तर खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच कार्डही वर जाते. २५ अंशांच्या खोलीत ६८ वर स्थिरावणारे कार्ड ४२ अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात पोहोचते. आरटीएक्स ३०६० सारखे कार्ड ८३ अंशांच्या आसपास आले की स्वतःच आपला वेग खाली ओढते. म्हणून पेटीचे काम 'मावणे' एवढेच नाही, गरम वारा बाहेर टाकणे हे आहे.

कार्ड दोन तऱ्हेची असतात. ब्लोअरवाले (एकाच, झाकलेल्या पंख्याचे) गरम हवा मागच्या ब्रॅकेटमधून बाहेर फेकते. आवाज फार, पण बंद पेटीला तेच योग्य. दोन-तीन उघड्या पंख्यांचे कार्ड गरम हवा पेटीतच सोडते आणि थोड्या वेळाने तीच पुन्हा ओढते. असे कार्ड घालायचे तर पंख्यांच्या समोरची बाजू पूर्ण जाळीची हवी आणि जाळी पंख्यांपासून ५ ते १५ मिलिमीटरवर. मध्ये तीन-चार सेंटिमीटर पोकळी राहिली की कडेची गरम हवा वळून आत येते. तिथे फोमची पट्टी लावून फट बुजवावी. वरच्या बाजूला ९२ किंवा १२० मिलिमीटरचा बाहेर फेकणारा एक पंखा पुरतो. २८० × १६५ × ११० मिलिमीटरची, म्हणजे सुमारे पाच लिटरची पेटी दिसायला देखणी. पण आमच्या उन्हाळ्यात १७० वॅटच्या कार्डासाठी आम्ही आठ लिटरच्या खाली जाणार नाही.

यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे कार्डाचे वॅट कमी करणे. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (विजेची मर्यादा) ७० ते ७५ टक्क्यांवर आणावे. १७० चे कार्ड १२५ च्या आसपास चालते आणि रेंडरिंगचा वेग त्या मानाने थोडाच उतरतो, कारण शेवटच्या चाळीस-पन्नास वॅटमध्ये कार्ड फारसे काही जास्त करत नाही. एप्रिल ते जून एवढे तरी करावेच.

पेटी घरी बनवणाऱ्यांनी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए हे प्लास्टिक वापरू नये. ते ६० अंशांच्या आसपासच नरम पडते. गरम हवा बाहेर पडते तिथली भिंत वाकते आणि कार्डाच्या वजनाने स्लॉट तिरका होतो. पीईटीजी साधारण ८० पर्यंत टिकते, एबीएस त्याहून वर. खरे तर एमआयडीसीत जाळीचा पत्रा वाकवून देणारे फॅब्रिकेटर आहेत; दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा यापेक्षा बरा. पत्र्याची पेटी असेल तर रंग खरवडून अर्थिंगची वायर स्क्रूने धातूला लावावी. घरात अर्थिंग नावालाच असले तर पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि लॅपटॉप केबलने जोडलेला असल्यामुळे त्याच्याही अंगाला येतात. पेटी, लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच थ्री-पिन बोर्डावर असावेत.

आमच्याकडे आणखी दोन शत्रू आहेत. पहिला कापूस. धरणगाव, बोदवड, जामनेरकडे जिनिंग सुरू झाले की रुईचे तंतू हवेत असतात. धूळ हवा मारण्याच्या ब्लोअरने उडते, रुई उडत नाही. ती पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते आणि वरून पाहिले तर कार्ड स्वच्छ वाटते. पंख्याचे आवरण उघडून मऊ ब्रश आणि चिमट्याने ती काढावी. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. हंगामात जाळीवर बारीक नायलॉनची चाळण लावून ती दर आठवड्याला झटकली तर हे टळते.

दुसरा शत्रू पाण्याचा कूलर. त्याच्या झोतात पेटी ठेवल्यावर आकडे छान दिसतात. पण झोतासोबत बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे डाग पाडतात, कनेक्टर गंजतात. कूलर खोली थंड करू दे, झोत पेटीवर नको.

लाईटचे काय होते, हे त्या लेखात अजिबात नव्हते. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि कार्ड क्षणात नाहीसे होते. थंडरबोल्टवर एडिटिंगचे सॉफ्टवेअर कोसळते किंवा निळा पडदा येतो, ऑक्युलिंकवर अख्खे यंत्र गोठते. म्हणजे लॅपटॉपची बॅटरी इथे काहीच वाचवत नाही. यूपीएस पेटीला लावायला हवा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. ३०६० आणि एक मॉनिटर फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरते त्यावर तगतात. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे तर तो 'यूपीएस मोड'वर ठेवावा, नाहीतर बदलायला वेळ लागतो आणि सप्लाय तेवढ्यात बसतो. सप्लाय १०० ते २४० व्होल्टचा घ्यावा. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर खेड्यात व्होल्टेज १८० च्या खाली येते, तेव्हा फक्त २०० ते २४० लिहिलेला सप्लाय कार्ड मध्येच बंद पाडतो आणि दोष कार्डाला जातो.

वापरलेल्या कार्डांविषयी थोडे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर चलन कमावणे) बंद झाल्यावर बाजारात जुन्या कार्डांचा पूर आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून येणारे कार्ड घेताना आधी उघडले होते का, हे स्क्रूंच्या खुणांवरून पाहावे. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) चुकीच्या जाडीचे लावले असतील तर हीटसिंक मुख्य चिपवर टेकतच नाही आणि कार्ड कोणत्याही पेटीत तापते. अर्धा तास पूर्ण भारावर चालवून आकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि शक्य असेल तर दुपारी बारानंतर.

आपल्या पुरवणीला एकच विनंती: यापुढे अशा यंत्रांच्या चाचण्यांचे कोष्टक छापताना खोलीचे तापमान हा एक स्तंभ त्यात घालावा.

— संगणक जुळणी-दुरुस्ती व्यावसायिक, जळगाव