आई, प्लास्टरचे पहिले दोन दिवस

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

अंदमानात आई कोरलच्या खडकावर पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, त्याबद्दल फोनवर मी भरभर बोलत गेले, त्यातलं निम्मंही लक्षात राहिलं नसेल. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. बाबा, हॉटेलच्या काउंटरवर याची छापील प्रत काढून घ्या आणि आईला वाचून दाखवा. आई, मधेच ‘कळलं गं’ म्हणून त्यांना थांबवू नकोस.

एक्स-रेचा फोटो मी पाहिला. अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, मनगटाच्या सांध्याच्या जरा वर मोडलं आहे. तुकडा मागे सरकला होता, तो डॉक्टरांनी ओढून जागेवर बसवला आणि कोपराच्या खालपर्यंत स्लॅब घातली, म्हणजे एका बाजूनं प्लास्टर आणि वरून बँडेज. पहिल्या दिवशी हेच योग्य. सगळीकडून बंद प्लास्टर घातलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती. हाड पाच-सहा आठवड्यांत जुळेल. आत्ता सांभाळायची आहे ती सूज. ती पहिले दोन-तीन दिवस वाढत जाते आणि बँडेजच्या आत तिला पसरायला जागा नसते. आत दाब वाढला की नसा दबतात, बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून उद्याचं परतीचं तिकीट मी तीन दिवस पुढे ढकललं. बाबा, पैसे गेले ते जाऊ देत, त्याचा हिशेब आत्ता नको.

आई, हात उंच ठेव असं सगळेच सांगतात, किती ते कुणी सांगत नाही. बोटं कोपरापेक्षा वर आणि कोपर छातीपेक्षा वर. खुर्चीत बसलीस तर बाजूला टेबल ओढून त्यावर दोन उशा, त्यावर हात. झोपताना उताणी झोप, उजव्या अंगाला दोन उशा. गळ्यातली झोळी फक्त चालताना घालायची, झोपताना काढायची. झोळीत पंजा कोपराच्या जरा वर राहिला पाहिजे आणि गाठ मानेच्या बाजूला हवी, मणक्यावर नको. झोळीत हात असला की उंच ठेवल्यासारखं वाटतं, पण तो छातीच्या खालीच असतो. दिवसभर झोळी घालून बसलं की संध्याकाळी बोटं फुगतात ती यामुळेच.

बाबा, तपासणीचं काम तुमचं. आजचा पूर्ण दिवस दर दोन तासांनी आणि रात्री एकदा गजर लावून. आईच्या प्रत्येक बोटाचं नख दाबा आणि सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. डाव्या हाताशी ताडून बघा. मग बोटांना हलका स्पर्श करून विचारा, सारखंच जाणवतं का. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट इथं जास्त लक्ष द्या, कारण मनगटात दबणारी मुख्य नस याच बोटांकडे जाते. शेवटी तिचं एकेक बोट तुम्ही हळूच सरळ करा. थोडं दुखेल, ते चालेल. पण बोट सरळ करताना कोपरापर्यंत जीवघेणी कळ आली, गोळी घेऊनही दुखणं चढतच राहिलं, बोटं निळसर, पांढरट किंवा गार पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. 112 ला फोन करा किंवा हॉटेलची गाडी घ्या आणि त्याच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. तिथं एकच सांगायचं: बँडेज आणि आतला कापूस कातडीपर्यंत उघडून सैल करा. वरचा एकच थर सैल केला तर दाब तसाच राहतो.

फोटोत आईच्या उजव्या हातात अंगठी अजून दिसते आहे. ती आजच काढा. हात पाच-दहा मिनिटं वर धरून ठेवा, मग साबण लावून फिरवत फिरवत सरकवा. नाही निघाली तर शिवणाचा जाड दोरा घ्या. त्याचं एक टोक अंगठीखालून पंजाकडे ओढून घ्या, उरलेला दोरा अंगठीच्या पुढून नखाकडे, बोटाच्या पेराच्या पलीकडपर्यंत घट्ट, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. मग पंजाकडचं टोक धरून दोरा नखाच्या दिशेनं उलगडत जा, अंगठी एकेक वेढा पुढे सरकते. बोट आधीच निळं दिसत असेल तर हा प्रयत्न नको, रुग्णालयातच कापून घ्या. आई, सोनं पुन्हा जोडता येतं.

प्लास्टर वाळायला एरवी एक-दोन दिवस लागतात, अंदमानच्या दमट हवेत जास्तच. ओलं असताना बोटांनी धरून उचललं की खळगे पडतात आणि आतून कातडीला टोचत राहतात, म्हणून तळहातावर पेलून उचलायचं. पंखा चालेल, केस वाळवायचं यंत्र नको. बर्फही नको, वितळून पाणी आत जातं. खाज सुटली तर पट्टी किंवा पेन आत घालायचं नाही. आईला मधुमेह आहे, तिथं झालेला ओरखडा प्लास्टर काढेपर्यंत दिसणारसुद्धा नाही. आणखी एक गोष्ट तपासा: तळहाताकडची प्लास्टरची कड तळव्यावरच्या आडव्या रेघेच्या मागे थांबली आहे ना? ती रेघ झाकली गेली असेल तर मूठ वळत नाही आणि सहा आठवड्यांत बोटांची मुळं आखडतात. परवा दाखवायला जाल तेव्हा तेवढी कड छाटून मागा. हे मागण्यात संकोच करू नका.

बोटं मात्र आजपासून हलवायची. जागी असशील तेव्हा दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ, दहा वेळा पूर्ण उघडी, मग अंगठ्यानं चारही बोटांची टोकं शिवायची. दिवसातून तीन-चार वेळा कोपर वाकवून सरळ करायचं आणि पूर्ण हात डोक्यावर न्यायचा. मोडलं मनगट आहे, खांदा नाही. पण मधुमेहात खांदा आखडण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, आणि मनगट बरं झाल्यावर खांद्यासाठी महिनोन्‌महिने झगडणारे पेशंट फार असतात. आई, हे अजिबात टाळू नकोस.

दुखण्यावर पॅरासिटामॉल 650 ची एक गोळी, दर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. दुकानदारानं कॉम्बिफ्लाम दिली तरी परत करा, तिच्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. दुखण्यानं साखर चढते, म्हणून ती सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी बघा आणि मला कळवा. मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवण दोन्ही वेळेवर. डाव्या हातानं पोळी तोडता येत नाही म्हणून अर्धपोटी उठू नकोस. मऊ भात, खिचडी मागवा, नाहीतर बाबा पोळीचे तुकडे करून देतील. कपडे घालताना आधी दुखरा हात बाहीत, काढताना शेवटी. बाबांचा सैल शर्ट सगळ्यात सोयीचा.

आता पायाचं. सगळ्यांचं लक्ष मनगटाकडे आहे, पण नडगीवर जे खरचटलं आहे त्याची मला मनगटाइतकीच काळजी आहे. ते साधं खरचटणं नाही, ते कोरलचं आहे. मेलेल्या कोरलचा सांगाडा चुन्याचा आणि करवतीसारखा असतो. त्याची बारीक कणी कातडीत राहते, वर शेवाळ आणि समुद्रातले जंतू. जखम वरून सुकली तरी आतून आठवडेच्या आठवडे लाल राहते ती त्या कणीमुळे. उष्ण समुद्रातले काही जंतू मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना झपाट्यानं आजारी पाडतात.

तर असं करा. बाबा, साबणानं हात धुवा. औषधांच्या दुकानातून 20 मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई नको. बाटलीबंद किंवा उकळून गार केलेलं पाणी सिरिंजनं जोरात जखमेवर मारा. निदान अर्धा लिटर तरी वापरायचं, दोन-चार थेंबांनी कणी निघत नाही. मग ओल्या गॉझनं हलक्या हातानं एकाच दिशेला पुसा. दिसणारा कण चिमट्यानं काढा. खोल रुतलेला खणून काढू नका, तो डॉक्टरांना दाखवा. वरून पोव्हिडोन आयोडिनचं मलम पातळ लावा आणि न चिकटणारी पट्टी, रोज बदलायची. हळद नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको. आई, हळदीवर तुझा विश्वास आहे हे मला ठाऊक आहे, पण तिच्या रंगाखाली लाली वाढते आहे की उतरते आहे ते दिसत नाही, आणि तेच तर बघायचं आहे. लालीच्या कडेनं पेननं रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, जांभळट फोड उठले किंवा जखम दिसते त्या मानानं फार दुखू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय, आणि जखम समुद्रात कोरलवर झाली आहे हे आवर्जून सांगायचं, कारण त्यावरून प्रतिजैविक ठरतं. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत घेतलेलं नसेल तर आजच. कातडी पूर्ण भरेपर्यंत समुद्राचं किंवा हॉटेलच्या तलावाचं पाणी पायाला लागू द्यायचं नाही.

आई, तू सारखी म्हणते आहेस की मी बघून चालायला हवं होतं. तसं नाही गं. शहीद द्वीपवरच्या त्या नैसर्गिक पुलापाशी ओहोटीलाच जाता येतं, आणि ओहोटीत उघडा पडणारा तो खडक म्हणजे मेलेल्या कोरलचा पसारा. खड्डे घोटाभर पाण्याखाली लपलेले, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. चपलेचा गुळगुळीत तळवा तिथं पकड घेत नाही. टाचेला पट्टा असलेले, खाचदार रबरी तळव्याचे पाण्यातले बूट लागतात. शिवाय भरती परतताना लोक घाईनं पावलं टाकतात. बाबा, तुम्ही तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ काढलीत, पण तो आडाखा मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. प्रत्येक बंदराची वेळ निराळी, अंदमानात तिथलाच तक्ता बघावा लागतो.

या दोन दिवसांत बोटीत चढणं-उतरणं नको, रॉस बेटही नको. एक हात गळ्यात असला की तोल पन्नास टक्के चपलेवर आणि पन्नास टक्के नशिबावर असतो. न्हाणीघरात रबरी चटई, रात्री दिवा चालू, आणि बाबा दाराशी. दुसऱ्यांदा पडणं परवडणार नाही. सेल्युलर जेल मात्र बघून या. तिसऱ्या दिवशी सकाळी, दुखणं कमी असेल तर टॅक्सीनं. खालचं आवार आणि प्रदर्शन आईला सावकाश बघता येईल. सावरकर 1911 पासून दहा वर्षं ज्या इमारतीत होते, तिथली त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे. ते जिने बाबांनी एकट्यानं चढावेत आणि आईनं खाली सावलीत बसावं. बाबा, इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट अपुरी ठेवून येऊ नका.

विमानाचं असं. केबिनमधला हवेचा दाब सहा-आठ हजार फूट उंचीवर असावा तितका कमी असतो, त्यात प्लास्टरखाली अडकलेली हवा फुगते आणि सूजही वाढते. म्हणून दोन तासांपेक्षा लांबच्या उड्डाणासाठी नवं बंद प्लास्टर असेल तर कंपन्या साधारण 48 तास थांबवतात, आणि चेन्नईचं उड्डाण दोन तासांच्या वरच आहे. स्लॅबला एवढी अडचण नसते, पण कागद मागतात. परवा डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या: फ्रॅक्चर कोणतं, प्लास्टर कधी घातलं त्याची तारीख आणि वेळ, स्लॅब आहे हा उल्लेख, आणि प्रवासास हरकत नाही हे वाक्य. व्हीलचेअर मी नोंदवली आहे. दोन्ही उड्डाणांत आईला एफ, उजवीकडची खिडकी, म्हणजे मार्गिकेतल्या गाडीचा धक्का हाताला लागणार नाही, बाबा ई. गोळ्या, एक्स-रे आणि सगळी मूळ बिलं हातातल्या पिशवीत, विम्यासाठी ती लागतील. आणि पिशवीत शंख किंवा कोरलचा तुकडा असेल तर तो तिथंच ठेवून या, विमानतळावर काढून घेतात आणि कायद्यानं तो आणायला बंदीच आहे.

पुण्यात आल्यावर सातव्या ते दहाव्या दिवसात एक्स-रे पुन्हा काढायचा आहे. जागेवर बसवलेला तुकडा सूज उतरल्यावर, प्लास्टर सैल पडल्यावर घसरू शकतो. तो तेव्हाच कळला तर दुरुस्त करता येतो, तीन आठवड्यांनी कळला तर हाड वाकडं जुळू लागलेलं असतं. वेळ मी घेऊन ठेवली आहे. त्याच वेळी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व. या वयात उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही हाडं ठिसूळ होत असल्याची पहिली खूण असू शकते, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पुढचं मोडणं खुब्याचं असू नये यासाठी मला हे आत्ताच करायचं आहे.

बाबा, रोज दुपारी चारला आईच्या दोन्ही पंजांचा एकच फोटो पाठवा, शेजारी शेजारी ठेवून, दिव्याखाली नको, खिडकीच्या उजेडात. तिकडे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून चार.

तुमची लेक