साधन बाजूला ठेवल्यावर मुलाला काय येते? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणमंत्री

विषय : शाळांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणि आभासी वास्तवाची (व्हीआर) साधने विकत घेण्यापूर्वी घ्यायच्या चाचण्यांबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी विज्ञान शिकवते. शाळांमध्ये एआय आणि व्हीआर आणण्याच्या घोषणा आता वरचेवर होतात आणि त्यांना माझा विरोध नाही. या दोन्हींवरचे संशोधन मी आस्थेने वाचत आले आहे. नीट आखून वापरली तर ही साधने मागे पडलेल्या मुलाला पुढे आणू शकतात, याचा पुरावा आज आपल्याकडे आहे. पण त्याच संशोधनातून हेही दिसते की तशीच हातात दिली तर ती मुलाला शिकल्याचा भास देतात आणि प्रत्यक्ष शिकणे कमी करतात. यातले कोणते साधन कोणत्या बाजूचे, हे प्रात्यक्षिक पाहून कळत नाही. ते चाचणी घेऊनच कळते आणि ती चाचणी खरेदीच्या आधी व्हायला हवी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आपण एक प्रयोग अवश्य समजून घ्यावा. तो तुर्कस्तानातल्या एका शाळेत नववी ते अकरावीच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झाला आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावाच्या तासांसाठी मुलांचे तीन गट केले होते. पहिल्याकडे नेहमीची वही आणि पुस्तक. दुसऱ्याला साधा चॅटबॉट, काहीही विचारा आणि उत्तर घ्या अशा स्वरूपाचा. तिसऱ्याचा चॅटबॉट शिक्षकांच्या मदतीने बांधलेला होता. तो थेट उत्तर न देता पुढच्या पायरीचा इशारा देई आणि मुले कुठे चुकतात याची माहिती त्याला आधीच पुरवलेली होती. सरावाच्या वेळी दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी सरस ठरली आणि तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी. मग सगळी साधने काढून घेतली आणि परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेल्या मुलांना, तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. तिसऱ्या गटात हे नुकसान जवळजवळ झालेच नाही; पण सरावात दिसलेली ती मोठी झेपही परीक्षेत दिसली नाही.

आणि मुलांना स्वतःला हे कळलेच नव्हते. दुसऱ्या गटाला आपण कमी शिकलो असे वाटत नव्हते. तिसऱ्या गटाला आपली परीक्षा इतरांपेक्षा चांगली गेली असे वाटत होते, प्रत्यक्षात तसे झाले नव्हते.

महोदय, या प्रयोगातल्या सरावाच्या तासाला आपण भेट दिली असती तर आपल्याला काय दिसले असते? भराभर गणिते सोडवणारी, समाधानी मुले. शिक्षकांनीही चांगलाच अभिप्राय दिला असता. कंपनीच्या अहवालात मुलांनी किती प्रश्न सोडवले, किती मिनिटे काम केले, किती जणांना आवडले, हे सगळे आकडे उत्तम आले असते. मंत्रालयापर्यंत पोहोचणारे आकडे बहुतेक याच जातीचे असतात. परीक्षेतली घसरण त्यांत कुठेच दिसत नाही, कारण साधन बाजूला ठेवल्यावर मुलाला काय येते हे कोणी मोजलेलेच नसते.

व्हीआरची गोष्ट वेगळी वाटते, पण मुद्दा तोच आहे. २०१९ मध्ये मकरान्स्की, टर्किल्डसेन आणि मेयर या संशोधकांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेचा एकच आभासी धडा दोन प्रकारे दिला, साध्या संगणकाच्या पडद्यावर आणि डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमधून. हेडसेट घातलेल्यांना आपण खरोखर प्रयोगशाळेत आहोत असे जास्त वाटले, मात्र शिकणे त्यांचेच कमी झाले. मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदींवरूनही त्यांच्यावर बौद्धिक ताण अधिक पडल्याचे दिसले. त्याआधी २०१८ मध्ये पॅरोंग आणि मेयर यांनी जीवशास्त्राचा धडा व्हीआरमधून आणि साध्या स्लाइडमधून शिकवून पाहिला. आवड आणि उत्साह व्हीआरच्या गटात जास्त, गुण स्लाइडच्या गटात जास्त. मला त्या अभ्यासाचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. व्हीआरचा धडा तुकड्यांत दिला आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना थांबवून सारांश लिहायला लावला, तेव्हा त्यांचे गुण सुधारले आणि आवडही कमी झाली नाही. म्हणजे फरक पडला तो थांबण्याने, आठवण्याने आणि लिहिण्याने. हे करून घेणारा वर्गात कोणी नसेल, तर हेडसेटवरचा खर्च मुलाच्या करमणुकीवर झालेला असतो.

मग आभासी सराव खरेच उपयोगी कुठे पडतो? जिथे हाताला वळण लावायचे असते, जिथे चूक झाली तर जीव जातो किंवा जिथे प्रत्यक्ष जाताच येत नाही, तिथे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ शिकाऊ शल्यचिकित्सक होते. त्यांतल्या निम्म्यांनी पडद्यासमोर उपकरणांच्या मुठी हातात धरून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा आभासी सराव केला, बाकीच्यांचे प्रशिक्षण नेहमीप्रमाणे झाले. पुढे खऱ्या रुग्णाचे पित्ताशय यकृतापासून सोडवताना सराव केलेल्यांचे काम २९ टक्के जलद झाले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्याच ऊतीला चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. इथे मोजमाप कुठे झाले पाहा : शस्त्रक्रियागृहात, सरावाचे यंत्र दूर ठेवून. म्हणूनच त्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो. वेल्डिंग, विद्युत जोडणी, रुग्णसेवा, आग विझवणे असे विषय शिकवणाऱ्या संस्थांमध्ये व्हीआरच्या चाचण्या आधी कराव्यात, असे मी सुचवीन. सहावीच्या मुलाला सूर्यमाला दाखवण्यासाठी हेडसेट विकत घेण्याची घाई नको.

एआयच्या बाजूनेही चांगली उदाहरणे आहेत आणि त्यांच्यात एक साम्य आहे. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत संगणकावरून शिकवण्याच्या एका प्रयोगात ६१९ विद्यार्थी होते आणि प्रवेश सोडतीने दिला होता. साडेचार महिन्यांत सोडत लागलेल्या मुलांची गणितातली प्रगती न लागलेल्यांपेक्षा ०.३७ प्रमाण विचलनाने आणि हिंदीतली ०.२३ ने जास्त झाली (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप). त्या संगणकप्रणालीचे वैशिष्ट्य इतकेच की मूल कोणत्या इयत्तेत बसते हे न पाहता ते प्रत्यक्षात कुठे आहे हे आधी तपासायचे आणि तिथून सुरुवात करायची. नायजेरियात २०२४ मध्ये सहा आठवड्यांचा एक शाळेनंतरचा कार्यक्रम झाला, त्यात मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली चॅटबॉटबरोबर इंग्रजी शिकली. इंग्रजी, एआयचे ज्ञान आणि डिजिटल कौशल्ये यांच्या एकत्रित चाचणीत त्यांची प्रगती सुमारे ०.३ प्रमाण विचलनाइतकी झाली आणि त्याचा परिणाम शाळेच्या वार्षिक परीक्षेतही दिसला. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खास बांधलेल्या एआय शिक्षकाने, कृतिशील पद्धतीने चालणाऱ्या वर्गापेक्षा कमी वेळात जास्त शिकवले. पण तिथे प्राध्यापकांनी प्रश्नांची सविस्तर उत्तरे स्वतः लिहून त्या प्रणालीला पुरवली होती आणि एका वेळी एकच पायरी पुढे जायची असे बंधन घातले होते. तिन्ही ठिकाणी आराखडा आधी ठरला होता आणि तंत्रज्ञान त्यात बसवले गेले. शिवाय विद्यापीठात जमले ते पाचवीत जमेलच असे मानायला आधार नाही, हेही लक्षात ठेवावे लागेल.

एक आकडा आपल्यासमोर हमखास येईल, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडले की स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, म्हणजे दोन प्रमाण विचलने. प्रत्येक मुलाला एआयचा स्वतंत्र शिक्षक, या कल्पनेची सारी चमक या आकड्यातून येते. पण २०११ मध्ये व्हॅनलेन या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ०.७९ आणि पायरी-पायरीने मार्गदर्शन करणाऱ्या संगणकप्रणालींचा ०.७६ निघाला. हे आकडे दोनच्या निम्म्याहून कमी आहेत, तरीही शिक्षणात एवढा परिणाम फार मोठा मानला जातो. खरा आकडा पुरेसा चांगला असताना फुगवलेल्या आकड्यावर धोरण उभे करण्याची गरज नाही.

पैशांचा विचार करताना एक पर्याय सहसा चर्चेतही येत नाही, तो म्हणजे साधन मुलाऐवजी शिक्षकाच्या हाती देणे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ९०० शिकवणी शिक्षक आणि १,८०० विद्यार्थ्यांवर असा प्रयोग केला. मुलाशी बोलत होता शिक्षकच. पुढे कोणता प्रश्न विचारावा, कोणता इशारा द्यावा, हे एआय फक्त शिक्षकाला सुचवत होते. विषय पक्का होणाऱ्या मुलांचे प्रमाण ४ टक्के-गुणांनी (म्हणजे शंभरात ४ मुलांनी) वाढले आणि जे शिक्षक आधी कमकुवत समजले जात होते, त्यांच्या विद्यार्थ्यांत ९ टक्के-गुणांनी. जिथे अनुभवी शिक्षक टिकत नाहीत तिथे ही वाट मला सर्वांत आशादायक वाटते. उलट नुसती यंत्रे वाटली तर काय होते हे पेरूमध्ये दिसून आले आहे. ग्रामीण भागातल्या तीनशेहून अधिक शाळांच्या अभ्यासात प्रत्येक मुलामागे लॅपटॉप देऊनही भाषेच्या आणि गणिताच्या गुणांत फरक पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, चाचण्यांत वर्षे जातील आणि तोवर तंत्रज्ञान पुढे निघून जाईल. तुर्कस्तानातला प्रयोग प्रत्येकी ९० मिनिटांच्या चार सत्रांचा होता आणि नायजेरियातला कार्यक्रम सहा आठवड्यांचा. अशा चाचणीला शाळेचे एक सत्र पुरते. शिवाय कोणतेही सरकार सगळ्या शाळांना एकाच वर्षी साधने देऊ शकत नाही, ती टप्प्याटप्प्यानेच जातात. मग पहिल्या टप्प्यातल्या शाळा शिफारशींवरून न निवडता सोडतीने निवडा. ज्यांची पाळी पुढच्या वर्षी आहे त्या शाळा आपोआप तुलनेसाठी मिळतील. कोणावर अन्याय होणार नाही आणि वेगळा खर्चही फारसा येणार नाही. सत्राच्या शेवटी दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा कागदावर घ्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा एकदा, कारण उत्साहाच्या भरात शिकलेले टिकते का हे तेव्हाच कळेल. ही परीक्षा साधन विकणाऱ्याने घेऊ नये. निकाल वाईट आला तरी तो जसाच्या तसा प्रसिद्ध व्हावा. किंबहुना वाईट निकालच आधी प्रसिद्ध व्हावेत, कारण त्यांच्यामुळे पुढच्या खरेदीचे पैसे वाचतील.

चाचणीने सुटणार नाहीत अशाही काही गोष्टी आहेत, त्या करारातच लिहाव्या लागतील. हेडसेट मुलाच्या डोक्याची आणि हातांची हालचाल सतत नोंदवतो. २०२० च्या एका अभ्यासात पाच मिनिटांहून कमी वेळाच्या अशा नोंदींवरून संगणकाने ५११ जणांपैकी ९५ टक्के लोकांना अचूक ओळखले. नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, ही समजूत इथे चालत नाही. अल्पवयीन मुलांच्या हालचालींच्या नोंदी शाळेबाहेर जाऊ नयेत. चेहऱ्यावरून मुलाचे लक्ष आहे का, ते कंटाळले आहे का, हे सांगणाऱ्या प्रणाली तर घेऊच नयेत. वैद्यकीय किंवा सुरक्षेचे कारण वगळता शाळांत भावना ओळखणाऱ्या एआयवर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. विद्यार्थ्याने निबंध एआयकडून लिहून घेतला हे पकडून देणारी यंत्रे शिक्षेचा आधार होऊ नयेत. २०२३ मध्ये अशी सात यंत्रे तपासली गेली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी एआयचे ठरवले. खरे लिहिणाऱ्या मुलावर खोटेपणाचा शिक्का बसणे फार जिव्हारी लागते. असे मूल पुढे मनापासून लिहील याची खात्री मला देता येत नाही.

भाषेचा मुद्दाही याच अटींत यावा. चॅटबॉटमागच्या बहुतेक भाषाप्रणाली मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडल्या आहेत. इंग्रजीत उत्तम चालणारा चॅटबॉट मुलाच्या शाळेच्या भाषेत तितकाच अचूक आहे का, याची तपासणी त्या भाषेच्या शिक्षकांकडून, त्याच पाठ्यक्रमातल्या प्रश्नांवर करून घ्यावी. इंग्रजीतल्या चाचणीचे प्रमाणपत्र दुसऱ्या भाषेसाठी ग्राह्य धरू नये.

माझी मागणी एकच आहे. यापुढे एआय किंवा व्हीआरच्या साधनांसाठी जी निविदा निघेल, तिच्यात सोडतीने निवडलेल्या शाळांतली चाचणी, साधनाशिवाय घेतलेली परीक्षा आणि निकालाची जाहीर प्रसिद्धी या अटी असाव्यात आणि त्यासाठीचा निधी खरेदीच्याच रकमेतून बाजूला काढावा. हे आपण करणार आहात का, आणि करणार नसाल तर का नाही, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे अशी विनंती आहे. चाचणीचा आराखडा करण्यापासून उत्तरपत्रिका तपासण्यापर्यंत जे काम शिक्षकांकडे येईल ते करायला मी आणि माझ्यासारखे अनेक जण तयार आहोत.

कळावे,

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका