ग्रुप प्रोजेक्टमधला कॅन्सर

संपादक महोदय,
ग्रुप प्रोजेक्टला कॅन्सर विषय घेतला तेव्हा वाटलं नेटवरून माहिती काढू, पीपीटी करू, झालं. पण पहिल्याच मीटिंगला वाद, कारण कॅन्सर हा एक आजार नाहीच, शंभराहून जास्त आजारांचं ते कॉमन नाव आहे, मग नक्की कशावर करायचं? शेवटी गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेतला आणि तिथे खरा इंटरेस्ट आला. हा जवळजवळ सगळाच एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या व्हायरसमुळे होतो, जर्मन शास्त्रज्ञ हेराल्ड त्सुर हाउझेन यांनी ते दाखवून दिलं, आधी सगळ्यांचा संशय हर्पिस या दुसऱ्याच व्हायरसवर होता त्यामुळे त्यांचं फारसं कोणी ऐकत नव्हतं, मग २००६ मध्ये एचपीव्हीवर लस आली आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत साधारण १५-२० वर्षं जातात, म्हणजे तपासणी करून आधीच पकडायला केवढा वेळ! हे ग्रुपमधल्या मुलींनाही माहीत नव्हतं, मुलांचं तर सोडाच (लस मुलांनाही देतात, हे ऐकून ते उडालेच). कामाची वाटणी नेहमीसारखीच, दोघं राबतात नि बाकीचे फॉन्ट निवडतात, आणि मार्कही फॉन्टलाच जास्त मिळाले. शिक्षकांनी प्रेझेंटेशननंतर दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारावेत ना, कोणी काय वाचलंय ते लगेच कळेल.
- एक विद्यार्थिनी